नाना, टोपी काढून बोला

नाना, तुमची टोपी माझ्यासमोर टेबलावर आहे. काल दहाव्याचं सगळं उरकल्यावर तुमच्या सूनबाईंनी ती कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मामंजी सांगून गेलेत, ही बाईंकडं द्यायची." स्वच्छ धुतलेली, नीळ दिलेली, घडी न मोडलेली. मी रडले. पण खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर लोक म्हणतील, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

तुमच्या टोपीचा कायदा मला पहिल्यांदा सांगितला तो दादांनी. माझे वडील तसे कमी बोलणारे. आष्टीतली ही जागा माझ्या नावावर केली त्या दिवशी त्यांनी मला अंगणात फिरवलं, पुढचं दूध संस्थेला दिलेलं गोदाम दाखवलं, मागच्या भाड्याच्या खोल्या दाखवल्या आणि शेवटी तुमच्याकडे बोट केलं. "हा रंगनाथ. सगळा कारभार हाच बघतो. डोक्यावर टोपी असेल तोवर तू म्हणशील ते करील. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की तो कारभारी नाही आणि तू मालकीण नाहीस. तेव्हा गप ऐकायचं. पटलं नाही तर तेव्हाच भांडायचं. टोपी परत डोक्यावर गेली की विषय संपला. मग पुन्हा तो उकरायचा नाही."

मी हसले होते. मला वाटलं, म्हाताऱ्यांचे खेळ आहेत. मी नगरच्या शाळेत पाचवीला शिकवणारी बाई. पन्नास पोरं नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी. मला कोण टोपी काढून दाखवणार?

पहिल्याच महिन्यात दाखवलीत. मी भाडेकरूंसाठी चौदा नियमांची पाटी करून आणली होती. सुवाच्य अक्षर, खाली रेघ. अंगणात शेळ्या बांधू नयेत, हा नियम तिसरा. तुम्ही पाटी घेतली, दोन्ही बाजूंनी निरखली. तुम्हाला सहीपुरतंच लिहिता येत होतं, पण पाटीत काय असणार ते तुम्ही ओळखलं. पायरीवर बसलात, टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. टक्कल पहिल्यांदा दिसलं, त्यावर टोपीची गोल खूण.

"बाई, ही भाड्यानं ऱ्हानारी मानसं हायत. पाचवी ब न्हाई."

मी तापले. तासभर भांडलो आपण. बारा नियम गेले, एक राहिला: नळाजवळ भांडी घासू नयेत. शेळ्यांचं काहीच ठरलं नाही, पुढच्या वेळी बघू म्हणून ठेवलं. तुम्ही टोपी घातलीत आणि लगेच विचारलंत, "बाई, च्या सांगू का?" जणू काही झालंच नाही. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत माझ्याशी इतकं सरळ कुणी भांडलंच नव्हतं. शाळेत सगळे माझ्या तोंडाला घाबरायचे. तुम्ही घाबरला नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले, ते आता मानते.

मग तशी कितीतरी भांडणं. छपराचे पत्रे बदलायचे की कौलं ठेवायची. दूध संस्थेच्या कॅनचा पहाटेचा खडखडाट थांबवायचा की लोकांनी सवय करून घ्यायची. शेळ्या तर कायमच्या. मी नगरहून निघतानाच मुद्दे काढून ठेवायची आणि तुम्ही पायरीवर बसून ते एकेक झाडून टाकायचा. निम्म्या वेळा मी जिंकले, हे लक्षात ठेवा. पत्रे मीच बसवले.

आता त्या दुष्काळाच्या वर्षाकडे येते. टाळत होते, पण आलंच.

त्या साली मागच्या सहाही खोल्यांतली कुटुंबं दसरा होताच उसाला निघून गेली. दर वर्षी जातात, पण त्या वर्षी म्हातारी माणसंसुद्धा बरोबर नेली; इथे प्यायला पाणी नव्हतं, कोण कुणाला सांभाळणार? सहा दारांना सहा कुलुपं. रीत अशी की एक किल्ली घरच्या बाईच्या गळ्यातल्या दोऱ्यात आणि दुसरी तुमच्या जुडग्यात. छप्पर गळलं, साप निघाला, तर तुम्ही उघडायचं. बाकी कशासाठीही नाही. इतक्या वर्षांत तुम्ही ती कुलुपं किती वेळा उघडली असतील? मला वाटतं, एका हाताची बोटं पुष्कळ झाली.

त्याच दिवसांत दूध संस्थेचे अध्यक्ष नगरला माझ्या घरी आले. संस्थेनं सभासदांच्या जनावरांसाठी बाहेरून कडबा आणायचं ठरवलं होतं आणि तो ठेवायला जागा नव्हती. "बाई, खोल्या सहा महिने रिकाम्याच असतात. जनावरं मरायला लागलीत." मला ते पटलं. अजूनही पटतं, नाना. जनावरं खरंच मरत होती.

मी आष्टीला आले. तुम्ही सगळं ऐकलंत आणि टोपी काढलीत.

"खोल्या रिकाम्या न्हाईत, बाई. कुलूप लावलंय म्हंजी मानूस घरात हाय."

"नाना, माणूस तिकडे उसाच्या फडावर कोपीत झोपलाय आणि इथे मुकी जनावरं मरतायत."

"मंग अंगनात गंज रचा. वर ताडपत्री टाका. मी ऱ्हातो राखनीला."

"आणि पाऊस आला तर? सगळा कडबा कुजेल."

तुम्ही मान वर करून आभाळाकडे बघितलंत. मग माझ्याकडे. "बाई, पाऊस आला तर कडब्याची कुनाला पडलीय?"

मी पुढे भांडले नाही. तुम्ही थोडा वेळ वाट बघितलीत आणि टोपी घातलीत. म्हणजे विषय संपला होता. खोल्या उघडायच्या नाहीत, अंगणात गंज रचायची. हे आपलं ठरलं होतं आणि मला ते पुरतं कळलं होतं. मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं की नक्की काही ठरलं नव्हतं. खोटं आहे ते.

चार दिवसांनी तुम्ही नातवाच्या जावळाला नांदूरघाटला गेलात. जुडगा पुढच्या खोलीत, जिथे मी आले की उतरते, खिळ्याला टांगून, मला सांगून. इतका विश्वास. आणि कडब्याचा ट्रक दुसऱ्याच दिवशी आला. अध्यक्ष म्हणाले, अंगणात नको बाई, आग लागली तर सगळंच जाईल. मी शाळेतून रजा काढून आलेली. मी जुडगा काढला आणि एकामागून एक सहाही कुलुपं उघडली. तोडली नाहीत, किल्लीनं उघडली, याचं मला तेव्हा फार समाधान वाटत होतं.

आत काय काय होतं! माणसं सहा महिन्यांसाठी जातात तेव्हा घर कसं ठेवून जातात, हे मी पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं, आता आपण हे नीट करू. सहा घरांचं सामान एका खोलीत हलवलं, पण असं कोंबलं नाही. भांड्यांशी भांडी, मोठ्यात लहान. गोधड्यांची एक चळत. पेट्या एका भिंतीला. आणि वर भिंतीवर खडूनं, माझ्या त्या सुवाच्य अक्षरात: भांडी. अंथरुणं. पेट्या. शेवटी देवळ्यांतले देव राहिले. सहा घरचे चांदीचे टाक, कुणाचे फडक्यात बांधलेले, कुणाचे डबीत. उसाच्या फडावर देव कुठे न्यायचे, म्हणून घरीच ठेवलेले. मी हात धुतले, पाया पडले आणि सगळे टाक सोडवून एका परातीत लाल कापडावर ओळीनं मांडले. खंडोबांजवळ खंडोबा, देवीजवळ देवी. फार सुंदर दिसत होतं. मी खूश होऊन बघत राहिले होते, नाना. कुणाचा देव कुठला, हे आता कोण सांगणार, असा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नाही.

तुम्ही आलात. पाच खोल्यांत छपरापर्यंत कडबा, सहाव्या खोलीत माझा वर्ग भरलेला. तुम्ही परातीपुढे बराच वेळ उभे होता. मी वाट बघत होते की आता टोपी काढाल आणि माझी सालटी काढाल. त्याची मी तयारी केली होती, उत्तरंही जुळवली होती. तुम्ही दोन्ही हातांनी टोपी धरलीत आणि डोक्यावर आणखी घट्ट बसवलीत.

"तुमी म्हनाल तसं, बाई."

बस्स. त्यानंतर चार वर्षं तुम्ही माझ्यासमोर टोपी काढली नाहीत.

लोकांना हे सांगितलं तर म्हणतील, यात काय शिक्षा? कारभारी मालकिणीचं सगळं ऐकतो. पण तुम्हाला ठाऊक होतं, कुठे मारलं की मला लागेल. मी येत होते, तुम्ही चहा सांगत होता, मी जे म्हणेन त्याला "करू की" म्हणत होता. एकदा तुम्हाला चिडवायचं म्हणून मी म्हटलं, "नळाजवळची भिंत जांभळी रंगवा." वाटलं, आता तरी भडकाल. पुढच्या खेपेला आले तर भिंत जांभळी! अजून आहे, सगळ्या अंगणाची शोभा घालवलीय तिनं. मग मी रागानं म्हटलं, "शेळ्या बंद करा." महिन्याभरात अंगणात एक लेंडी दिसेना. ज्या शेळ्यांसाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, त्या गेल्या, आणि मी त्या रिकाम्या खुंट्यांकडे बघून मुळूमुळू रडले. तुम्ही गोदामाच्या दारात उभे होता. बघितलंत मला. चहा सांगितलात.

त्या कडब्यानं पुष्कळ जनावरं जगली, हे मात्र मी सोडणार नाही. पण तुमच्या स्वतःच्या गायीसाठी त्या खोल्यांतली एक पेंढी तुम्ही उचलली नाहीत, हेही मला दिसलं होतं.

पाडव्याच्या सुमाराला माणसं परतली. मी त्या वेळी आले नाही. शाळेच्या परीक्षा आहेत असा निरोप पाठवला. परीक्षा होत्या, पण मी भित्रेपणानं आले नाही. पुढे कानावर आलं ते इतकंच, की देवांची वाटणी तुम्ही करून दिलीत. कुणाच्या टाकाचा कोपरा मोडका होता, कुणाचा जड होता, असं ओळखत गेलात. दोन खंडोबा उरले. दोन्ही धुऊन धुऊन इतके झिजलेले की घोडासुद्धा दिसेना. कौसाबाई आणि तिच्या शेजारची सीता, दोघींचे. दोघीही रडायला लागल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, एकेक घ्या आणि दर पाडव्याला अदलाबदल करा, म्हणजे आपला देव एक वर्षाआड तरी घरी असणारच. अजून बदलतात, नाना. आता तर त्या दिवशी दोन्ही घरं मिळून पुरणपोळी करतात.

आणि खरी गोष्ट मला कळली ती अगदी आता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही आजारी पडून महिना झाला होता. कौसाबाई नळावर पाणी भरताना आपणहून म्हणाली, "बाई, नानानं आमचे देव मिसळले खरं, पर तोड बी त्यांनीच काडली. मानसाकून चुकतंच की. आमी कवाच इसरलो."

नानांनी मिसळले?

मी तशीच तुमच्या घरी आले. माझा आवाज ऐकून तुम्ही सुनेकडे टोपी मागितलीत. खाटेवर पडल्या पडल्या, अंगात ताकद नाही, आणि माझ्यासमोर टोपी. पण मी बसले आणि एका दमात सगळं बोलले. चूक माझी, टोपी चढल्यावर विषय मी उकरला, तुमच्या पाठीमागे किल्ल्या मी घेतल्या, आणि तुम्ही सहा घरांसमोर ते स्वतःवर घेतलंत. मला माफ करा. आणि मी आता त्यांना खरं सांगणार आहे.

तुमचा हात वर गेला. मला वाटलं, पाणी मागताय. तुम्ही टोपी काढलीत आणि छातीवर ठेवलीत.

"कावून सांगता? आं? अक्कल हाय का?"

नाना, तुम्हाला काय सांगू. चार वर्षांनी तुम्ही मला रागावलात. मला एकदम हलकं हलकं वाटलं. सूनबाई दारातून घाबरून बघत होत्या आणि मी वेड्यासारखी हसत होते.

"मालकिनीचा भरोसा गेला तर मानसं कुलूप कुनाच्या जिवावर लावत्याल? कारभाऱ्याचं काय, तो आज हाय, उद्या न्हाई. ऱ्हाऊ द्या माज्या नावावर."

"नाही राहू देणार. तुमच्या नावावर माझी चूक ठेवून मला झोप लागायची नाही."

"मंग जागं ऱ्हावा!"

तासभर भांडलो. तुम्हाला मधेच खोकला यायचा, मी पाणी द्यायची आणि घोट संपला की आपण पुन्हा सुरू. तुम्ही म्हणालात, मी हट्टी आहे, दादांपेक्षाही. मी म्हटलं, तुम्ही खोटारडे आहात. तुम्ही म्हणालात, जांभळा रंग बघितला की मला मळमळतं. मी म्हटलं, मलाही. शेवटी तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली.

"तुमी म्हनाल तसं," तुम्ही म्हणालात.

मी बघितलं, टोपी छातीवरच होती. म्हटलं, "नाना, डोकं उघडं आहे आणि असं म्हणताय?"

"म्हून तर म्हनतोय." मग एक डोळा उघडून, "आन शेळ्या येऊ द्या परत."

शेळ्यांचं मी हो म्हटलं नाही. ते भांडण मला शिल्लक हवं होतं. वाटलं होतं, दसऱ्यानंतर येऊ, तेव्हा भांडू. तुम्ही दसऱ्यापर्यंतसुद्धा थांबला नाहीत. हे मात्र मला अजून पचलेलं नाही.

काल तुमच्या दहाव्यासाठी सहाही घरांनी ऊसतोडीला न्यायला आलेला मुकादमाचा ट्रक थोपवून धरला होता. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना अंगणात बसवलं, लिंबाखाली, आणि उभी राहिले. दोनदा पदर खोचला, दोनदा सोडला. पन्नास पोरांसमोर कधी असं झालं नव्हतं. सांगितलं: खोल्या मी उघडल्या. देव मी मिसळले. नाना तेव्हा नांदूरघाटला होते. ते गेले आणि जाताना माझी चूक घेऊन गेले, ती मी परत घ्यायला उभी आहे.

सीता पदराआड तोंड लपवून बसली होती. रडतेय असं वाटलं. मग दिसलं की ती हसतेय. कौसाबाईनं तिला कोपर मारलं, पण तिलाही हसू आवरेना.

"बाई," कौसाबाई म्हणाली, "आमाला पयल्याच दिशी कळलंतं. नानानं भिंती वल्या फडक्यानं पुसल्यात्या, पर चुन्यावर खडू दिसतच व्हता. माझ्या पोरीनं वाचलं, अंथरुनं. नानाला कुटं लिवता येतंय? आन ताटल्या अशा मोठीत बारकी लावून कोन ठिवतंय? आमी म्हनलं, हे मास्तरनीचंच काम. पर नाना मी केलं म्हनतोय, तर म्हनू दे. त्येला किती बरं वाटत व्हतं तुमाला वाचवून!"

तुम्हाला हे माहीत होतं का हो, नाना? मला वाटतं, नव्हतं. चार वर्षं तुम्ही त्यांच्यापासून लपवत होता आणि ती माणसं तुमच्यासाठी न कळल्यासारखं करत होती. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कौसाबाई नळावर उगाच बोलली नव्हती. तुम्ही आता फार दिवस राहत नाही, हे ओळखून तिनं मला तुमच्याकडे धाडलं होतं. मास्तरीण मी, आणि सगळ्यांत शेवटी कळलं ते मला.

मी त्यांच्यातच खाली बसले. एवढं हलकं मला तुमच्या खाटेपाशीसुद्धा वाटलं नव्हतं. सगळे हसत होते आणि तुमचा मुलगा बावरून बघत होता, की बापाच्या दहाव्याला हे काय चाललंय. तुम्ही असता तर टोपीखालून हसला असता.

राहिला प्रश्न एकच, ज्यासाठी तुम्ही माझ्याशी भांडला होता. भरोशाचा. आज सकाळी ट्रक निघायचा होता. रात्री तुमचा रिकामा जुडगा मी पुढच्या खोलीत खिळ्याला टांगला. दुसऱ्या किल्ल्या तुमच्या सुनेनं ज्याच्या त्याला परत केल्या होत्या. मी कुणाकडे मागणार नव्हते. मिळाल्या नाहीत तर तुम्ही बरोबर आणि मी चूक, एवढंच मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. दार उघडं टाकून मी टेबलापाशी बसले, समोर तुमची टोपी. ती आता परत डोक्यावर जायची नव्हती, म्हणजे आपला विषयही कधी संपायचा नव्हता. बाहेर एकेक कुलूप लागल्याचा आवाज येत होता. सहा मोजले.

मग कौसाबाई आत आली. मागे बाकीच्या. तिनं गळ्यातला दोरा सारखा केला, कनवटीची दुसरी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. पाठोपाठ सीतेनं. सहाही किल्ल्या तुमच्या टोपीशेजारी पडल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कौसाबाई दारापर्यंत गेली आणि वळली.

"साप निगाला, छप्पर गळालं, तर उगडा बाई," ती म्हणाली. "पर आत काय बी आवरू नका."